अदृश्य व्हीओ

"सांगून खरं वाटणार नाही पोरी, पण व्हीओ माझ्या स्वप्नात आला!" म्हातारबुवांनी ठोकून दिलं.

टीव्हीवरच्या एका अंतराळ मालिकेच्या पटकथांवरून त्यांनी ऐन उमेदीत खिशात मावतील अशा कादंबऱ्या पाडल्या होत्या. घरात टीव्ही नव्हता, त्यामुळे मालिका काही पाहिली नव्हती. आता त्या कादंबऱ्या पुन्हा छापायला तरुण प्रकाशिका आली होती. मुखपृष्ठावर मालिकेचं नाव भोपळ्याएवढं, बुवांचं मोहरीएवढं.

विषय तिनंच काढला होता. "काका, यात तुमच्या पदरचं काय ते सांगा, नाव मोठं करते. हा व्हीओ तर मालिकेत कुठेच नव्हता."

नव्हता? बुवा मनातून चमकले, पण आयती संधी सोडतात कशाला!

"माझाच तो! परग्रहवासी. दिसत नाही, नुसता बोलतो. कॅप्टनच्या मनातलंही त्याला आधीच ठाऊक. एक वाचक बाई तर त्याच्याशी लग्नाला तयार झाल्या होत्या. म्हटलं, बाई, जोडीचा फोटो कसा यायचा?"

कादंबऱ्या आपल्याच, याचा पुरावा म्हणून बुवांनीच आधी रुबाबात पुढ्यात ठेवलेली जुनी पटकथा ती हसत चाळत होती. एका पानावर थबकली.

"काका, स्वप्नात कसला येतोय? हा इथे पानोपानी आहे! व्ही.ओ. म्हणजे व्हॉइस ओव्हर, पडद्यामागून येणारा आवाज. तुम्ही निवेदकालाच परग्रहवासी केलंत?"

बुवांनी चष्मा पुसायला घेतला.

"नाव मोठंच छापते," ती हसू आवरत म्हणाली. "हे दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं."