फरशीला न कळता

"काकू, हनुवटी आत, पाठ गोल, आणि हात आपटायचा नाही," ज्युदो शिकवणारे हेमाडे सर म्हणाले. घरोघरी बसवलेल्या यंत्राच्या फरशीला कुणी पडल्याचा धक्का कळला, की गाडी येऊन म्हाताऱ्या माणसाला कायमचं वृद्धनिवासात नेत असे.

"सासरी उभा जन्म आवाज न करता काढलाय. हे काय अवघड?" प्रमिलाकाकू हसल्या.

त्या अलगद पडल्या. फरशीला पत्ताही लागला नाही. सरांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग त्यांना काकूंचं वाकडं झालेलं तोंड दिसलं. पक्षाघाताचा झटका होता.

दवाखान्याला कळवलं तरी तीच गाडी येणार होती. सरांनी फोन काढला, तसं काकूंनी डाव्या हाताने त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि मानेनेच नाही म्हटलं.

सरांनी फोन खिशात ठेवला आणि त्यांच्या डोक्याखाली उशी सरकवली.