गॅलरीतला कोपरा

नवरात्राच्या साफसफाईत सरोजताईंनी गॅलरीतल्या जळमटावर झाडू उगारला, तसे गुरुदत्त ओरडले, "अगं, तेवढा कोपरा सोड!"

कॅमेऱ्याला एक्स्टेन्शन ट्यूब जोडल्या की तिळाएवढा कोळीही वाटाण्याएवढा दिसायचा. श्वास रोखून काढलेला फोटो त्यांनी बायकोला कौतुकाने दाखवला. इवलीशी मादी अंड्यांची पुरचुंडी कवटाळून बसलेली.

"पिल्लं बाहेर येईपर्यंत तिला हात लावू नकोस. अशा अवस्थेत कुठे जाईल बिचारी?"

सरोजताईंनी झाडू खाली ठेवला. बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलेल्या लेकीचं नाव या घरात काढायचं नाही, असा गुरुदत्तांचा दंडक होता.

"अहो, तिकडे ठाकुर्लीला आपल्या कादंबरीला सातवा महिना लागलाय," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी कुठला कोपरा सोडू?"