स्पष्ट ऐकू येतंय

निरुपमाच्या वाचनालयाची जुनी मराठी पुस्तकं इंटरनेटवर चढली. ज्यांना दिसत नाही त्यांना संगणक ती वाचून दाखवणार, असं निमंत्रणावर छापूनही झालं. उद्घाटनाच्या सकाळी तिच्या ध्यानात आलं, की पानांचे नुसते फोटो चढवले गेलेत आणि फोटोतली अक्षरं संगणकाला वाचता येत नाहीत. पाहुणे तर दारात येऊन ठेपले होते.

प्रात्यक्षिकासाठी बोलावलेल्या अंध संयोगिताला तिने बाजूला घेतलं.

"आजचा दिवस ऐकू येतंय म्हण. मग मी सगळं नीट करून घेते."

संयोगिता एम.ए. करत होती. तिला ती पुस्तकं हवी होती. तिने हेडफोन लावले, थोडा वेळ मान डोलावली आणि म्हणाली, "स्पष्ट ऐकू येतंय." टाळ्या पडल्या, पेपरात बातमी आली.

दुसऱ्याच दिवशी शहरातल्या समा भागातून रिक्षा करून दीनानाथ आले. निवृत्त शिक्षक, दृष्टी पार गेलेली. सुनेने त्यांना बातमी वाचून दाखवली होती. त्यांना खरं काय ते सांगून टाकावं, असं निरुपमाच्या ओठांवर आलं, पण कालचं खोटं आज कबूल करवेना. तिने त्यांच्या कानांना हेडफोन लावून दिले.

ते बराच वेळ कान देऊन बसले. मग हेडफोन हळूच काढून त्यांनी मांडीवर ठेवले.

"ताई, त्या मुलीला ऐकू आलं म्हणजे मशीन ठीकच असणार," ते ओशाळून म्हणाले. "डोळ्यांमागोमाग आता माझे कानही चालले म्हणायचे."