साखळीतली फट

खाडीवर पोलादाचा कारखाना येऊ नये म्हणून अख्ख्या वस्तीनं हातात हात धरून किनारा अडवला. फक्त मधोमध बुलडोझर जाईल एवढी फट राहिली, कारण तिथे दोन जावा उभ्या होत्या आणि त्यांचा जुना अबोला होता. बुलडोझर नेमका तिकडेच वळला.

"अगं, हात दे!" थोरली ओरडली.

"आता हात आठवला? माझ्या बाळंतपणात फिरकलात का, जाऊबाई?"

"तू बोलावलंस का?"

दोघींची चांगलीच जुंपली. नीट ऐकू यावं म्हणून ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.


कोर्टाची स्थगिती घेऊन वकीलबाई धापा टाकत पोचल्या, तेव्हा ड्रायव्हर खाली उतरून थोरलीला समजावत होता, "ताई, चूक तुमचीच आहे. बाळंतिणीकडे जायला बोलावणं लागतं का?"