पूर्वेची खिडकी

खिडकी पूर्वेला होती, खाली कडुलिंब. भिंतीत दोन कोनाडे. एका कोनाड्यात सुनीतीने पुस्तकं लावली, दुसऱ्यात चहाचा कप ठेवला. पुण्यातल्या या खोलीत ती दुपारपासून मनाने राहत होती. तशी ती होती हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात, न्यायाधीशाच्या खुर्चीत, आणि समोर वादी पारुबाईचे वकील संथ आवाजात बोलत होते.

खणात पुण्याच्या बदलीला होकार देणारा अर्ज होता, सहीसकट. न्यायाधीशाचा मूळ पगार इथे आणि पुण्यात सारखाच, घरभाडं तेवढं शहर बघून मिळतं. इथल्या भत्त्यात तिला पत्र्याच्या दोन खोल्या मिळाल्या होत्या, समोर गोदामाची भिंत. पुण्यात भाडीही आभाळाला टेकलेली, पण स्वप्नात घरमालकाला कोण विचारतं? चारच्या टपालाने अर्ज गेला की आठ दिवसांत तिकडे रुजू व्हायचं.

"वडिलांच्या घरातली एवढी एकच खोली, मॅडम," वकिलांनी तिसऱ्यांदा सांगितलं. "अकरा वर्षं भावाचं कुलूप आहे. पूर्वेला खिडकी, खाली कडुलिंब, भिंतीत दोन कोनाडे."

सुनीती दचकली. पुण्यातल्या कुठल्या फ्लॅटला कोनाडे असतात?

युक्तिवाद संपला. ज्याने तो ऐकला त्यानेच निकाल लिहायचा, अशी कोर्टाची रीत. मधेच बदली झाली की नव्या न्यायाधीशापुढे सगळा युक्तिवाद पुन्हा. पारुबाई डोंगरकडा गावाहून पहिल्या एसटीने आली होती आणि अजून उभीच होती.

"आजी, काही सांगायचंय?"

"न्हाई साहेब. वकीलसाहेबांनी बराबर सांगितलं. तीन साहेबांनी ऐकलं, तुमी चौथ्या. समदे मन लावून ऐकतेत." तिने पदर सावरला. "लिवायच्या टायमालाच जातेत. तिकडं जास्ती मिळतंय म्हणं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते सुनीतीला फार लागलं.

शिपाई महेबूब टपालाची पिशवी घेऊन आला. "मॅडम, तो अर्ज देता?"

"राहू द्या, महेबूबभाई. या दाव्याची फाईल तेवढी माझ्या टेबलावर ठेवा."

खोली कुणाची, ते फाईल वाचून ठरणार होतं. आपली नाही, एवढं तिला कळलं होतं. तिने क्षणभर डोळे मिटले. कोनाड्यातली पुस्तकं काढली, कप उचलला आणि निघताना पूर्वेची खिडकी उघडी ठेवली.