लागलेली कढई

चार बायांदेखत शिवशंकरनं केशरबाईचा पाणउतारा केला होता. बीडहून कसलंसं प्रशिक्षण घेऊन आलेला हा पुतण्या. खव्याच्या भट्टीवर नव्या बाया शिकवायला तिनंच ठेवलेला. आणि म्हणतो कसा, "मोठीमाय, तुमी नुसत्या खेकसता. कशापायी करायचं ते डोक्यात बसलं की हात आपोआप चालतो."

बरं. त्या दिवसापासून तिनं तोंड शिवून घेतलं. त्यानं फळ्यावर कढई काढली. दूध का आटतं, तळाला का लागतं, सगळं बायांकडून वदवून घेतलं.

आज बाया पहिल्यांदा धगीपाशी बसल्या. दूध दाटलं आणि केशरबाईच्या नाकाला करपट वास आला. ती बाजेवरून हलली नाही. दूध तिचं, गिऱ्हाईक तिचं. तरी जळू दे.

"आता काय व्हईल?" शिवशंकरनं विचारलं.

"पाणी आटलं, तळ धरंल," एक म्हणाली.

"उलथनं तळातून फिरवायचं," दुसरी म्हणाली.

उत्तरं बिनचूक. उलथनं मात्र वरवरच फिरत होतं. बघता बघता कढईतून धूर निघाला.

"मोठीमाय, वास आला न्हाई का तुमाला?"

"आलता की. तूच म्हणालतास, खेकसू नका."

शेजारच्या कढईखाली बाभळीची लाकडं संपली म्हणून कुणीतरी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या सारल्या होत्या. त्या भडकल्या, तशी नव्या बायांतल्या दीपमालानं निम्म्या बाहेर ओढल्या आणि दोन्ही हातांनी उलथनं धरून तळ खरडायला घेतला.

"कुणी सांगितलं गं तुला?" केशरबाई गुरकावली.

"कुणीच न्हाई. जाळ वाढला म्हंजी तळ लवकर धरणार. मंग आदीच वडल्या."

केशरबाईच्या हाताखाली बाया म्हाताऱ्या झाल्या होत्या. तिच्या आरोळीशिवाय एकीनंही कधी लाकूड हलवलं नव्हतं. हे तिच्या ध्यानात आलं आणि तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

शिवशंकर हसायच्या बेतात होता. तिनं काळी पडलेली कढई पायानं त्याच्याकडं सरकवली.

"उद्यापून फळा हितं, धगीपाशी मांडायचा. शिकवताना उलथनं तुज्या हातात पायजे. तुजं डोकं चालतं, कोण न्हाई म्हणतंय? पर जिचं दूध लागंल, तिची कढई तू घासायची. बस खाली. राख घे."