अकरा महिने उभी असलेली गाडी

"टर्बोचा पाइप चिरलेला असणार," विनिताने जाहीर केलं. "या इंजिनात हमखास चिरतो. मग गाडी चढावर रांगते आणि मागे काळा धूर."

रघुनाथराव गाडी बघायला आले होते. बघायला म्हणजे घ्यायलाच. येताना पाटणकर बाजारातल्या ओळखीच्या मिस्त्री कान्होजींना ते सोबत घेऊन आले होते. दर्पण कॉलनीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर त्यांनी गाडीवरचं खाकी कव्हर ओढून काढलं, आणि तेवढ्यात ही अकरावीतली पोरगी कमरेवर हात ठेवून समोर हजर.

विनिताने ठरवूनच टाकलं होतं, गाडी विकू द्यायची नाही. गाडी आजोबांची. अकरा महिन्यांपूर्वी ते गेले आणि तेव्हापासून ती इथेच उभी होती. बाबा इंदरगंजच्या ऑफिसला स्कूटरवर जायचे. नुसतं स्टेअरिंग बघितलं तरी त्यांच्या तळहातांना घाम फुटायचा. आईला तर गाडी लागायचीच. राहिली विनिता, आणि तिला अठरा पूर्ण व्हायला अजून दीड वर्ष होतं. दीड वर्ष थांबा, एवढंच तिचं मागणं होतं. याच बॉनेटखाली डोकं घालून आजोबांनी तिला शिकवलं होतं की हे तेराशे सीसी, चार सिलिंडर, पंचाहत्तर घोडे, आणि दोन हजार आरपीएमच्या खाली टर्बो झोपलेला असतो, त्याला उठवावं लागतं.

पण आजी ऐकेल तर ना. घरात शेवटचा शब्द तिचा, आणि गाडीची चावीही तिच्याच पर्समध्ये. रोज पहाटे देवळात जाऊन आली, चहा झाला, की विषय एकच. गाडी काढून टाका. बाबांनी मान डोलावली आणि रघुनाथरावांना फोन गेला. मग विनितानेही या इंजिनाचे होते नव्हते ते सगळे आजार पाठ केले. गिऱ्हाईक घाबरून पळालंच पाहिजे.

कान्होजींनी पाइपावरून सावकाश बोट फिरवलं. चीर नव्हती.

"मग टायमिंग चेन. सैल पडते. थंड इंजिन सुरू करताना डब्यात खिळे हलवल्यासारखी वाजते."

आजीने पर्समधून चावी काढून दिली. कान्होजींनी ती फिरवली मात्र, इंजिन अर्ध्या फेरीत सुरू झालं आणि शहाण्यासारखं गुरगुरत बसलं. खडखड नाही, खोकला नाही. अकरा महिने पडून असलेली बॅटरी, आणि हा रुबाब! विनिताला गाडीचा भयंकर राग आला. अभिमानही वाटला, पण तो तिने गिळला.

रघुनाथराव हसून म्हणाले, गाडी विकताय की पोरीची परीक्षा घेताय. बाबांनी तिला घरी जायला सांगितलं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून आजी नुसती बघत होती.

"मी कुठेही जाणार नाही," विनिता म्हणाली. "आधी ईजीआर व्हॉल्व्ह खोला, कान्होजी काका, धूर इंजिनात परत सोडणारा. आजोबा शेवटी शेवटी गाडी फक्त बाजारापर्यंत न्यायचे. अशा चालीने तो काजळीने गच्च होतो, आणि उभ्या गाडीत तर जाम बसतो. तो साफ निघाला तर खुशाल न्या, मी शब्द काढणार नाही."

कान्होजींनी बोल्ट काढले. टॉर्चच्या उजेडात आत बघितलं. पुन्हा बघितलं. मग हात पुसत ते ड्रायव्हरच्या दाराशी गेले. दाराच्या आतल्या स्टिकरवर शेवटचं ऑइल बदलल्याची नोंद आजोबांच्या अक्षरात होती, बारा महिन्यांपूर्वीची, अठ्ठावन्न हजार किलोमीटर. मीटरवर सहासष्ट हजार.

"साहेब," ते बाबांना म्हणाले, "उभ्या गाडीचा व्हॉल्व्ह इतका साफ नसतो. काजळी जळून गेलीय. ही गाडी हायवेला पळते. जवळजवळ रोज."

बाबांनी थेट विनिताकडे बघितलं. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, किती दिवस चाललंय हे, चावी कधी उचलतेस, कोणी गाडीखाली आलं असतं म्हणजे. रघुनाथराव संकोचून दुसरीकडे बघू लागले.

"मी नाही, बाबा."

"मग कोण? या घरात इंजिनाचं कळतं कोणाला?"

बाबा म्हणाले, झालं ते पुरे, गाडी आजच जाईल. विनिताच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने येऊ दिलं, मान मात्र खाली घातली नाही.

"मी चालवली असती तर लपवली नसती. अख्ख्या कॉलनीला ओरडून सांगितलं असतं. आणि जी गोष्ट मी केली नाही, तिच्यासाठी माझी गाडी जाणार नाही."

"खरं बोलतेय ती," आजी म्हणाली.

ती खुर्चीतून उठली. पर्सच्या आतल्या कप्प्यातून तिने एक कार्ड काढलं आणि बाबांच्या हातात ठेवलं. ड्रायव्हिंग लायसन्स. फोटो तिचा, तारीख आठ-नऊ महिन्यांपूर्वीची. बाबांनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि रिकाम्या झालेल्या खुर्चीत हळूच बसले.

विनिता आजीजवळ आली.

"मग विकतेस कशाला, आजी?"

आजीने एकवार रघुनाथरावांकडे बघून घेतलं. गिऱ्हाईक ऐकत होतं, म्हणून आवाज खाली आणला.

"एकशे दहाच्या वर गेलं की हिचा दम संपतो गं. मला मोठं इंजिन हवंय."